इतिहास, अभ्यास आणि प्रवास : पुस्तक निवडताना ‘हे कशावरून?’ असे विचारावे

पानोपानी

ललितेतर पुस्तकांविषयी, त्यातही इतिहास, समाज-संस्कृतीचा अभ्यास आणि प्रवासवर्णन या तीन प्रकारांविषयी, ‘काय वाचावे?’ असे विचारले की बहुतेक वेळा नावांची यादी हाती पडते. यादीचा उपयोग होतोच; पण ती वाचून संपली की पुढचे पुस्तक कसे निवडायचे, हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून या धाग्यात नावे जरूर द्यावीत, परंतु ते पुस्तक आपण विश्वासाने दुसऱ्याच्या हाती का देतो, हेही सविस्तर लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे.

माझी कसोटी साधी आहे. पुस्तकातले एखादे महत्त्वाचे विधान घ्यावे आणि लेखकाला मनातल्या मनात ‘हे कशावरून?’ असे विचारावे. त्याचे उत्तर तळटीपेत, प्रस्तावनेत, परिशिष्टात किंवा निवेदनाच्या ओघात कुठेतरी मिळाले पाहिजे. लेखकाने ती गोष्ट स्वतः पाहिली, कोणाकडून ऐकली, कागदात वाचली की तर्काने ठरवली, एवढे कळले तरी तिला किती वजन द्यायचे हे वाचकाला ठरवता येते.

उदाहरण म्हणून विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ घेतो. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक घरची ओढगस्त दूर व्हावी म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ साली सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरातच होते. वेढ्याचे दिवस, शहर पडल्यानंतरची कत्तल आणि लूट, पाण्यावाचून झालेले हाल हा सगळा भाग डोळ्यांनी पाहिलेल्याचा आहे आणि वाचताना ते पदोपदी जाणवते. मात्र त्याच पुस्तकात, इंग्रजांनी धर्माविरुद्ध कलमे तयार करून ती राजेरजवाड्यांपुढे ठेवली आणि त्यातून बंड पेटले, अशीही हकीकत येते. ती गोडसे यांनी वाटेत ऐकलेली आहे. घडलेल्या घटनेचा पुरावा म्हणून ती उपयोगाची नाही. पण त्या वर्षी लोक एकमेकांना काय सांगत होते आणि कशावर विश्वास ठेवत होते, याचा इतका चांगला पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल. एकाच पुस्तकातली दोन पाने दोन वेगळ्या कारणांनी मोलाची ठरतात आणि ‘कशावरून?’ असे विचारल्याखेरीज त्यांतला फरक लक्षात येत नाही.

त्यापुढे आवृत्तीचा प्रश्न येतो. गोडसे यांनी हे लेखन प्रवासानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी केले. चिंतामणराव वैद्य यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले, परंतु भाषा सफाईदार करून, काही भाग गाळून आणि काही बदलून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक जे वाचत होता, ते गोडसे यांचे शब्द जसेच्या तसे नव्हते. आजही दोन्ही पाठांवर आधारलेली पुस्तके बाजारात असतात आणि पुष्कळ वाचकांना आपण कोणते घेतले आहे याची कल्पना नसते. इतिहासाचे पुस्तक घेताना मुखपृष्ठाआधी संपादकाचे नाव आणि त्याचे निवेदन पाहावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

इतरांचे अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

दप्तरखाना

उत्तम विषय घेतलात. मराठ्यांच्या इतिहासापुरते बोलतो, कारण माझे वाचन तेवढ्यातच आहे.

आपण सुचवलेला प्रश्न मराठीत सर्वांत मोठ्या आवाजात कोणी विचारला असेल, तर तो इतिहासाचार्य राजवाडे यांनी. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची, अस्सल पत्रे आली. त्या खंडाची प्रस्तावना प्रत्येक जिज्ञासूने एकदा तरी वाचावी. बखरकार स्थळकाळाच्या चुका कुठे आणि कशा करतात, घटना घडत असताना लिहिलेल्या पत्राचे मोल का अधिक असते आणि १८२६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात कोणत्या उणिवा राहिल्या, याची तिथे झाडाझडती आहे. राजवाडे यांची सगळी मते आज टिकत नाहीत आणि काही तर स्पष्टपणे नाकारावी लागतात. परंतु पुरावा कसा पारखायचा, याचे शिक्षण त्या पानांतून आजही मिळते.

पानिपतावर एकच पुस्तक वाचायचे असेल, तर त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचे घ्यावे. ते आधी इंग्रजीत, डेक्कन कॉलेजतर्फे १९४६ साली आले आणि पुढे मराठीत आले. शेजवलकर यांची मते ठाम आहेत, कित्येकदा तिखट आहेत, पण ती कोणत्या कागदावर उभी आहेत हे ते लपवत नाहीत. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराजाची फारसी हकीकत, मराठी पत्रे आणि बखर यांची तोंडे एकमेकांकडे वळवून ते उलटतपासणी करतात. त्यांचा निष्कर्ष न पटलेला वाचकसुद्धा त्याच सामग्रीवरून आपला वेगळा निष्कर्ष काढू शकतो, आणि मला वाटते चांगल्या इतिहासग्रंथाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

आणखी एक बारीक कसोटी सांगतो, ती म्हणजे तारखा. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ रोजी झाला. आपण ६ जून १६७४ म्हणतो ती तारीख इंग्रज तेव्हा वापरत असलेल्या ज्युलियन कालगणनेची आहे. ग्रेगोरियन कालगणनेने तोच दिवस १६ जूनला येतो. शिवजन्माचेही तसेच आहे. बखरींवरून १६२७ हे साल रूढ होते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची सालवार नोंद, प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अशी नोंद मिळाली आणि चर्चेची दिशाच बदलली. नवे पुस्तक हाती आले की मी अशा एखाद्या वादग्रस्त तारखेचे पान उघडतो. वाद होता एवढे तरी लेखक सांगतो की नाही, कोणती कालगणना वापरली ते स्पष्ट करतो की नाही, हे पाहिले की उरलेल्या पुस्तकाविषयी बराच अंदाज येतो.

सुमेधा_ठाणे

दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले, तरीही एक हरकत नोंदवते. माझी भाची यंदा अकरावीला आहे आणि तिने आवडीने इतिहास घेतला आहे. तिच्या हाती मी राजवाडे यांची प्रस्तावना दिली, तर ती दुसऱ्या पानावर पुस्तक मिटेल आणि त्यात तिची चूक आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे इतिहासाची गोडी बहुतेकांना ऐतिहासिक कादंबरीतून लागते. ती गोडी खरी असते, पण त्यानंतर कुठे जायचे याचा रस्ता दाखवला जात नाही आणि मग कादंबरीतला संवाद हाच इतिहास म्हणून आयुष्यभर मनात राहतो. कादंबरी आणि साधनग्रंथ यांच्या मधली पायरी कोणती, हे कृपया कोणी सांगावे.

दुसरे असे की तळटीपा असल्या म्हणजे पुस्तक भरवशाचे, हेही मला पूर्ण पटत नाही. पानभर तळटीपा असलेली, पण मुद्दा आधीच ठरवून लिहिलेली पुस्तके मी पाहिली आहेत.

पानोपानी

सुमेधाताई, दोन्ही हरकती योग्य आहेत.

मधली पायरी म्हणून मी नरहर कुरुंदकर यांचे नाव घेईन. ‘श्रीमान योगी’ या कादंबरीच्या आरंभी त्यांचे रणजित देसाई यांना लिहिलेले दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलेले आहे. कादंबरी वाचून झाल्यावर ते पत्र पुन्हा वाचायला सांगावे. शिवचरित्रातल्या कोणत्या गोष्टींना आधार आहे, कोणत्या दंतकथा आहेत, आणि लढाया व चमत्कारिक सुटका बाजूला ठेवल्या तर राज्यकर्ता म्हणून उरणारा माणूस केवढा मोठा आहे, हे कुरुंदकर एखाद्या ज्येष्ठ मित्राने समजावून सांगावे तसे सांगतात. कादंबरी आणि तिची चिकित्सा एकाच बांधणीत मिळते, हा मोठाच योग आहे. तिथून सभासदाच्या बखरीकडे जाता येते. कृष्णाजी अनंत सभासद यांनी ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजी येथे लिहिली. बखर आटोपशीर आहे, टीपांसह छापलेल्या आवृत्त्या मिळतात आणि अकरावीच्या मुलीला ती नक्की झेपेल. आधी पत्र आणि मग बखर असे वाचले, तर ‘हे कशावरून?’ हा प्रश्न तिला शिकवावा लागणार नाही, तो तिचा तीच विचारू लागेल.

तळटीपांविषयी आपण म्हणता ते खरे आहे. तळटीप असणे पुरेसे नाही. ती कुठे नेते ते पाहावे लागते.

दप्तरखाना

तळटीपांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. एखादी चमकदार हकीकत दहा पुस्तकांत सापडते, म्हणून ती खरी वाटते. प्रत्येकाची तळटीप आधीच्या पुस्तकाकडे बोट दाखवते, आणि साखळी मागे मागे नेली तर शेवटी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका लेखकाच्या निराधार वाक्यापाशी ती थांबते. असे दहा उल्लेख मिळून पुरावा एकच, तोही लुळा. म्हणून तळटिपेत मूळ पत्र, सनद, शिलालेख किंवा समकालीन नोंद आहे की आणखी एक चरित्रग्रंथ आहे, हे पाहायची सवय लावून घ्यावी.

आधीच ठरवून लिहिलेले पुस्तक ओळखायचीही एक खूण आहे. प्रतिकूल पुरावा लेखक वाचकापुढे ठेवतो का, हे शोधावे. आपल्या नायकाला अडचणीत आणणारे एकही पत्र चारशे पानांत आले नसेल, तर ते पत्र अस्तित्वात नाही असे समजण्यापेक्षा लेखकाने ते बाजूला सारले असण्याची शक्यता अधिक धरावी.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहिते आहे. मराठी इतिहासवाचनाची चर्चा पुणे-साताऱ्यापाशी थांबते, याची खंत वाटते म्हणून दोन-तीन नावे आवर्जून जोडते.

डॉ. पांडुरंग पिसुर्लेंकर यांनी गोव्याच्या पुराभिलेखागारात आयुष्य घालवले. लिस्बन आणि गोवा यांच्यातला पत्रव्यवहार मान्सूनच्या वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून होत असे, म्हणून त्या पत्रांच्या बांधीव खंडांना मान्सूनचेच नाव मिळाले आहे. त्या खंडांतून आणि इतर पोर्तुगीज कागदांतून त्यांनी मराठ्यांविषयीची माहिती वेचून काढली. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ वाचताना तोच काळ समोरच्या बाजूने दिसतो. शेजाऱ्याला, आणि अनेकदा शत्रूला, शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज कसे दिसत होते, तो कशाला घाबरत होता, कशासाठी तह करत होता, हे त्याच्याच खाजगी पत्रांतून कळते. वर प्रतिकूल पुराव्याचा उल्लेख आला आहे. दुसऱ्या भाषेतली साधने वापरणारा लेखक निवडला, तर असा पुरावा आपोआप समोर येतो. सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणून हेच काम केले.

प्रवास आणि अभ्यास एकाच पुस्तकात पाहायचा असेल, तर धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ वाचावे. सांकवाळचा हा तरुण, शालेय शिक्षण जेमतेम, एका मराठी बालमासिकातले बुद्धचरित्र वाचून पेटला आणि १८९९ साली घर सोडून बाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया, कलकत्ता आणि शेवटी सिंहलद्वीप असा त्याचा प्रवास आहे, आणि त्यात पाहण्यासारख्या स्थळांचे वर्णन जवळजवळ नाही. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकणे, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकताना तिथल्या जेवणाशी जमवून घेणे, तिकिटासाठी कोणाकडे पैसे मागावे याची विवंचना, अशा गोष्टी ते इतक्या सरळपणे सांगतात की एक विषय शिकण्यासाठी माणसाला काय काय करावे लागते, हे वाचकाच्या पुरते लक्षात येते. हाच माणूस पुढे हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्ग’ या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनावर काम करतो. विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या युक्त्या सांगणारी पुस्तके भेट देण्याची पद्धत आहे. माझ्या मते त्या सर्वांपेक्षा हे एक पुस्तक द्यावे.

आणि वडिलांनंतर मुलाचे वाचावे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे ‘मिथ अँड रिअॅलिटी’ १९६२ साली आले. त्याचे मराठी भाषांतरही आहे. पुण्याच्या आसपासची म्हसोबा-बोल्हाईची ठाणी, जुन्या व्यापारी वाटा, वाटेवर सापडणारी सूक्ष्म अश्महत्यारे यांची सांगड घालत ते पायी हिंडले. मते मार्क्सवादी आहेत आणि काही निष्कर्षांवर पुढे वाद झाले; तरी स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय लिहायचे नाही, ही त्यांची शिस्त पानोपानी दिसते.

वाळवंटी

अभ्यासग्रंथांची चर्चा चालली असता डॉ. रा. चिं. ढेरे यांचे नाव अजून कसे आले नाही? ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथाला १९८७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव, ही त्यांची मांडणी सर्वांना मान्य नाही, आणि आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी असल्यामुळे पहिल्या वाचनात मलाही ती जड गेली. परंतु स्थलपुराणे, शिलालेख, मूर्तीची लक्षणे, ओव्या, कर्नाटक आणि आंध्रातली दैवते अशी इतकी वेगवेगळी साधने ते एका ठिकाणी आणतात की नुसते ‘पटत नाही’ म्हणून पुस्तक खाली ठेवता येत नाही. न पटणाऱ्याने कोणत्या साधनाचा अर्थ वेगळा लावायचा, हे त्याला सांगावे लागते. श्रद्धेचा कोठेही उपमर्द न करता श्रद्धेचा इतिहास लिहिता येतो, हे मला या ग्रंथाने दाखवले.

गावनकाशा

नोकरी महसूल खात्यात झाली, त्यामुळे माझा ओढा राजे आणि लढाया यांपेक्षा गावाकडे आहे. इतिहासाच्या फडताळात शेतसारा, पाणी, बलुते, वतन या विषयांची पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि तीही खालच्या फळीवर. त्यांत त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे ‘गावगाडा’ हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आत्रे स्वतः महसुली कामात मुरलेले होते, म्हणून त्यांचे पाहणे नेमके आहे. पाटील-कुळकर्णी यांचे हक्क आणि कामे, खळ्यावर कोणत्या बलुतेदाराचा वाटा कसा ठरतो, सुतार-लोहाराने कुणब्याला वर्षभर काय करून द्यायचे, न दिल्यास कुरबुर कशी होते, हे सगळे ते बारकाईने नोंदवतात. त्यांतले कित्येक शब्द मी नोकरीच्या सुरुवातीला जुन्या दप्तरांत पाहिले होते आणि त्यांचा अर्थ विचारायला माणूस सापडत नव्हता. तो या पुस्तकात मिळाला.

पण हे पुस्तक कोणाला सुचवताना मी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भटक्या जमातींविषयी, ज्यांना ते फिरस्ते म्हणतात, आत्रे यांनी जे लिहिले आहे ते अत्यंत पूर्वग्रहदूषित आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता आणि त्या दृष्टीची पुरती छाप त्या पानांवर आहे. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, रद्द झाला, पण त्या जमातींच्या माथ्यावरचा शिक्का पुसला गेलेला नाही, हे मी नोकरीत डोळ्यांनी पाहिले आहे. पालावरच्या माणसाला रहिवासाचा पुरावा मागितला जातो, आणि गावोगाव हिंडणाऱ्याकडे तो नसतोच. म्हणून ‘गावगाडा’ वाचणाऱ्याने भटक्या-विमुक्त समाजातल्या लेखकांची आत्मकथने त्याच्या बरोबरीने वाचावीत. बलुत्याविषयी आत्रे जे सांगतात ते कशावरून, याचे उत्तर ‘रोज पाहून’ असे आहे. फिरस्त्यांविषयी जे सांगतात ते कशावरून, याचे उत्तर ‘सरकारी नजरेने’ असे आहे. लेखक एकच असला तरी त्याच्या प्रत्येक प्रकरणाला सारखा विश्वास देता येत नाही.

पानोपानी

गावनकाशा, आपला शेवटचा मुद्दा मी मूळ लेखात मांडला होता त्यापेक्षा पुष्कळ पुढे गेला आहे. मी साधन आणि आवृत्ती यांवर भर दिला. लेखक कोठे उभा राहून पाहतो, हे आपण दाखवून दिलेत. मनःपूर्वक आभार.

पायवाट

प्रवासवर्णनांकडे कोणी वळले नाही, म्हणून मी लिहितो.

हल्ली निघणारी पुष्कळ प्रवासवर्णने विमानतळावर सुरू होऊन विमानतळावर संपतात. मधल्या पानांत हॉटेल, न्याहारी, सहप्रवाशांच्या गमती आणि प्रेक्षणीय स्थळांची माहितीपत्रकातून उतरवलेली माहिती असते. ज्या देशात लेखक गेला, तिथला एकही माणूस पोटासाठी काय करतो हे पुस्तक संपेपर्यंत कळत नाही. प्रवासवर्णन निवडताना मी मधलेच एखादे पान उघडतो आणि तिथे स्थानिक माणूस बोलताना, काम करताना, भांडताना दिसतो का, ते पाहतो. दिसला, तर पुस्तक घेतो.

या बाबतीत मराठीची सुरुवात किती दमदार होती, हे पंडिता रमाबाई यांच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या १८८९ सालच्या पुस्तकावरून कळते. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहून व्याख्याने देत हिंडल्या. समुद्रप्रवासाचे वर्णन थोडक्यात आटोपून त्या थेट राज्यव्यवस्था, शाळा, व्यापार, धर्मसंस्था आणि स्त्रियांची स्थिती यांकडे वळतात. कौतुक भरपूर आहे, पण ते आंधळे नाही; कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. परदेशी गेलेल्या माणसाने काय काय विचारावे, याचा तो वस्तुपाठ आहे, आणि तो एका तिशीतल्या विधवा स्त्रीने एकोणिसाव्या शतकात घालून दिला, याचा मला विलक्षण अभिमान वाटतो.

दूरचाच प्रवास हवा असेही नाही. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा ‘परिपूर्ती’ संग्रहातला लेख पंढरीच्या वारीचा आहे. वारीतला आनंद त्या मनापासून सांगतात आणि त्याच वाटेवर ब्राह्मणांची व मराठ्यांची जेवणे वेगळी होतात, याचे दुःखही सांगतात. समाजशास्त्रज्ञाची नजर आणि चालून थकलेल्या बाईचे मन, दोन्ही त्या मोजक्या पानांत आहेत. पानांची संख्या पाहून पुस्तकाचे मोल ठरवणाऱ्यांनी तो लेख अवश्य वाचावा.

दूरदेशी

मी भारताबाहेर राहते. इथे मराठी ग्रंथालय हाताशी नाही, त्यामुळे बहुतेक वाचन संगणकावर होते. माझ्यासारख्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. नव्या विषयाला हात घालण्यापूर्वी विश्वकोशातली नोंद आणि तिच्याखालची संदर्भसूची पाहिली की कोणाची नावे टाळता येणार नाहीत, ते कळते. स्वामित्वहक्क संपलेले जुने ग्रंथ ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर सापडतात. मात्र त्यांत पाने गहाळ असतात, नकाशे घडीसह छायांकित झालेले असतात आणि शोधयंत्राला जुना टाइप नीट वाचता येत नाही. एखादा शब्द शोधून सापडला नाही, म्हणून तो पुस्तकात नाही असे समजू नये.

प्रकाशकांना एक कळकळीची विनंतीही करावीशी वाटते. पुनर्मुद्रण करताना मूळ ग्रंथातली सूची आणि परिशिष्टे कृपया गाळू नयेत. सूचीवाचून सहाशे पानांचा इतिहासग्रंथ पुन्हा वापरता येत नाही. तो एकदा वाचून ठेवून द्यावा लागतो.

एक प्रश्न आहे. डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन येते आहे आणि त्यांना जुन्नर दाखवायचे आहे. एकाच ठिकाणासाठी इतिहास, अभ्यास आणि प्रवास असे तिन्ही प्रकारचे वाचन करायचे, तर काय काय वाचावे?

दप्तरखाना

जुन्नरसाठी आपल्याला सामग्री भरपूर आहे.

आधी मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमधला पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड काढावा. तो १८८५ सालचा आहे, तीन भागांत आहे आणि स्थळांची माहिती तिसऱ्या भागात येते. जुन्नरची लेणी, शिवनेरी, बाजारपेठ, घाटवाटा यांचे वर्णन सविस्तर आहे. इंग्रजी जुने असले तरी सोपे आहे. पुरातत्त्वाविषयीची मते आता मागे पडली आहेत, तेवढे लक्षात ठेवावे.

त्यानंतर जॉन फ्रायर या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टराचे प्रवासवर्णन घ्यावे. मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून तो १६७५ साली मुंबईहून कल्याणमार्गे घाट चढून जुन्नरला गेला आणि परतताना नाणेघाटाने उतरला. पुस्तक १६९८ साली लंडनला छापले गेले. राज्याभिषेक होऊन एक वर्ष झालेले आहे, रायगडावर महाराज छत्रपती आहेत, आणि त्यांचे जन्मस्थान असलेला शिवनेरी मात्र मोगलांच्या ताब्यात आहे. अशा वेळी हा परका माणूस तो किल्ला आतून पाहतो. लुटीने आणि सैन्याच्या ये-जा करण्याने उजाड झालेला मुलूख त्याने वाटेत पाहिला, त्याचे वर्णन मुलांना वाचून दाखवण्यासारखे आहे. त्याच्या बोलण्यात कंपनीच्या नोकराचा तोरा आहे, तोही मुलांना ओळखू येईल.

तिसरे, मांडवीकाठ यांनी सांगितलेले दा. ध. कोसंबी यांचे पुस्तक. घाटमाथ्यावरच्या वाटा आणि लेणी एकमेकांना धरून का आहेत, हे त्यातून कळेल. नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेचा तपशील त्यात कोरलेला आहे. त्याचे वाचन व भाषांतर छापील मिळते, त्याची प्रत बरोबर न्यावी, कारण झिजलेल्या भिंतीवरून नुसत्या डोळ्यांनी फारसे काही लागत नाही.

गावनकाशा

दूरदेशी, नाणेघाटाला जाणार असाल तर घाटघर गावातून जुन्या वाटेची माहिती असलेला एखादा वयस्क माणूस बरोबर घ्यावा आणि मुलांना त्याच्याशी बोलू द्यावे. कोकणातून मीठ, भात वर कसे येत असे आणि वरून काय खाली जात असे, हे त्याने आजोबांकडून ऐकलेले असण्याची शक्यता आहे. ते ऐकून लगेच वहीत टिपून ठेवावे, आणि शेजारी सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहावी.

दूरदेशी

गॅझेटियरचा तिसरा भाग आजच उतरवून घेतला. जुन्नरच्या नोंदीला सुरुवात केली आहे. फ्रायरचे पुस्तकही आर्काइव्हवर मिळाले, फक्त त्याच्या काही पानांचा वरचा भाग कापला गेला आहे. दुसरी प्रत शोधते आणि कोणती पूर्ण आहे ते इथे कळवते.